अर्धी हाक

तो आवाज रेडिओवरून पहिल्यांदा कानावर पडला, तेव्हा श्रीयश कार्ल्याच्या फाट्यावर फिरोजच्या टेम्पोत चहा पीत बसला होता. फिरोज शेखचा मंडप आणि स्पीकरचा धंदा. मागच्या हौद्यात भोंग्यांचे खोके आणि वायरींची भेंडोळी, पुढे दिवसभर चालू असलेला रेडिओ. आधी एक लांबलचक बासरी वाजली आणि मग ती हाक आली.

"या रं या! लांबून या, जवळून या. पोटभर खा!"

पाठोपाठ एक गुळगुळीत पुरुषी आवाज बोलू लागला. "मळवलीच्या हिरव्या कुशीत, हरितशाली रिसॉर्ट. भातशेतीचा अस्सल अनुभव. आजच या!"

फिरोजने कप खाली ठेवला. "ही तर सरुमावशी!" तो म्हणाला. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण पुढचं कुठं गेलं रे, श्रीयश? हाक अर्धीच आहे."

पुढचं कुठं गेलं ते मावळात श्रीयशइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

तळेगावातल्या एका संस्थेने चालवलेल्या 'मावळनाद' या छोट्या रेडिओ केंद्रात तो वर्षभर काम करत होता. कार्यक्रम लिहायचा, जोडायचा, आवाजातले खरखरीत कोपरे घासायचा. स्वतः मात्र कधी माइकपुढे बसत नसे. आपल्या बोलण्याला नेहमी उशीर होतो, असं त्याला वाटे. इतरांची वाक्यं घरी पोचून हातपाय धुऊन बसलेली असत, तेव्हा कुठे त्याचं वाक्य चपला शोधू लागे. केंद्राचे प्रमुख प्रज्ञेश सर एकदा सर्वांसमोर हसत म्हणाले होते, "आपला श्रीयश म्हणजे रेडिओवरची शांतता." सगळे हसले होते. तोही हसला होता.

तरीही शब्दांच्या जन्मकथांची एक मालिका त्यानेच सुचवली होती आणि पहिल्या भागासाठी शब्द निवडला होता तो त्यांच्या धंद्याचाच, 'ब्रॉडकास्ट'. केंद्रात हा शब्द उठताबसता सगळ्यांच्या तोंडी असे. रेडिओ जन्माला यायच्या कितीतरी आधी तो इंग्रजी शेतकऱ्याच्या तोंडी होता, हे मात्र कुणाच्या गावी नव्हतं. 'ब्रॉड' म्हणजे रुंद, ऐसपैस. 'कास्ट' म्हणजे टाकलेलं. ओळीत न पेरता मुठीने दूरवर फेकलेलं बी, ते ब्रॉडकास्ट. मागच्या शतकात तारेविना आवाज दूर जाऊ लागला. त्याला काय म्हणावं हे कुणाला सुचेना, तेव्हा कुणीतरी शेताकडे पाहिलं आणि पेरणाऱ्याच्या हातातला शब्द उचलून नेला. श्रीयशला हे वाचून हरखायला झालं होतं. हवेत आवाज सोडणारी आपण माणसं मुळात पेरणारी आहोत, या कल्पनेने त्याला त्या रात्री झोप लागली नव्हती.

"मग फोकणारं माणूस दाखवतो तुला," फिरोज म्हणाला होता. आपल्याकडे मुठीने बी असं उधळून पेरण्याला फोकणं म्हणतात. फिरोजने श्रीयशला मळवलीच्या पलीकडच्या वाडीत सरुबाईंकडे नेलं.

मे महिना सरत आला होता. राब, म्हणजे शेण-पालापाचोळा, भाजून काळाभोर झालेला वाफा, वर कोरडी ठणठणीत धूळ आणि आभाळात ढगाचं नाव नाही. सरुबाई साठीच्या होत्या, पण कमरेत अजून ताठ. मुलगा जानू आंबीच्या कारखान्यात कामाला. शेताचं सगळं त्या एकट्या बघत. सुपातल्या भाताचे त्यांनी दोन वाटे केले. पहिला वाटा वाफ्यात आडवा चालत फोकला, दुसरा उभा. म्हणजे एकीकडून राहिलेली जागा दुसरीकडून भरते. मूठ उघडायची, तर मनगटाला हलका हेलकावा बसे आणि दाणे हवेत क्षणभर पंख्यासारखे पसरत. वाफा पुरा होईपर्यंत त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तसा त्या वाडीचा रिवाजच होता : बी हातात असताना बोलायचं नाही. श्रीयशच्या रेकॉर्डरमध्ये नुसती सळसळ जमा झाली. इतकी सुंदर सळसळ त्याने आयुष्यात ऐकली नव्हती.

मग करवंदीची फांदी ओढून त्यांनी बी मातीआड केलं, उरलेली शेवटची मूठ घेतली, बांधावर उभ्या राहिल्या आणि ती मूठ वाफ्याबाहेर, बांधावरच्या मोकळ्या जागेत उधळून त्यांनी हाक मारली.

"या रं या! लांबून या, जवळून या. पोटभर खा! पर वाफ्यात पाय ठिवू नका!"

"पाखरांना," पदर झटकत त्यांनी सांगितलं. "त्यांचा वाटा त्यांना दिला की आपल्या वाफ्यात येत न्हाईत. आता पुढल्या साली. मदी हाक न्हाई मारायची. अन् दाना न टाकता तर कदीच न्हाई. लबाडी हुती ती."

"रेडिओवर लावलं तर चालेल का, मावशी?"

"तुज्या त्या शब्दाच्या गोष्टीत?"

"हो."

"लाव की मग. पर समदं लाव."

त्याने मान हलवली होती.

आणि आणखी एकदा मान हलवली होती, ती केंद्राच्या जिन्यात. प्रज्ञेश सर घाईने खाली उतरत होते. फोन कानाला तसाच ठेवून ते म्हणाले, "ती तुझी पाखरांची क्लिप जबरदस्त आहे हं. एका स्पॉन्सरला ऐकवतोय. हरकत नाही ना?" हरकत होती. हरकतीचं वाक्य चपला शोधत होतं. तोवर सर फाटकापाशी पोचले होते आणि श्रीयशच्या ओठांवर ते नेहमीचं कसनुसं हसू उरलं होतं. ते हसू होकारात मोजलं गेलं.

आता टेम्पोत त्याच्या हातातला कप तसाच भरलेला होता. फिरोजने तो हातातून काढून घेतला.

"हरितशाली म्हणजे तेच ना," फिरोज सावकाश म्हणाला, "ज्यांनी वाडीच्या वहिवाटेवर तारेचं कुंपण घातलंय?"

"तेच."

"म्हणजे बाया डोक्यावर ओझी घेऊन ओढ्यातून वळसा घालतायत आणि ही रेडिओवर म्हणतेय, या रं या!" त्याने टेम्पोला चावी लावली. "चल. तुला शिव्या खायला नेतो."

शिव्या मात्र लगेच मिळाल्या नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. सरुबाई ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही.

"बस," त्या फिरोजला म्हणाल्या. "तू बस. त्याला सांग हुबा ऱ्हा म्हनून."

श्रीयश उभा राहिला.

"सकाळधरनं कितीदा लागतंय ते मोजलं न्हाई म्या. शेजारच्या पिंकीच्या मोबाइलात लागतंय, पिठाच्या गिरनीत लागतंय. गिरनीत आज समद्या बाया गप झाल्या मी गेल्यावं. काय इचारलं म्हाईत हाय पिंकीनं? 'मावशी, जानूला रिसॉर्टात लावला का काय? आतनं वाट हाय म्हनं तुमाला.' हसत इचारलं तिनं. हसत!"

"मावशी, मला माहीत नव्हतं की..."

"तुला म्हाईत नव्हतं?" आता त्यांनी वर पाहिलं. ते डोळे कोरडे होते. "माज्या तोंडातनं हाक काढली, तिचं मुंडकं ठिवलं अन् धड कापलं. 'वाफ्यात पाय ठिवू नका' कुटं गेलं रं? ते कुटं पुरलं? आरं, दाना न टाकता दिसातनं धा धा बारी बोलावतोय माजा आवाज. पाखरं हसत असतील मला!"

श्रीयश निवडलेल्या तांदळाकडे बघत राहिला.

"बोल की! का बी हातात हाय तुज्या?"

हे ओरखडल्यासारखं लागलं. फिरोज मध्ये पडला. "मावशी, बाया समजून घेतील. मी बोलतो त्यांच्याशी."

"सावड मोडली," सरुबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "लावनीला माज्या वावरात कुनी येनार न्हाई. तसा निरोप आलाय."

फिरोजने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सावड म्हणजे काय ते श्रीयशलाही कळत होतं. लावणीच्या दिवसांत आज हिच्या वावरात सगळ्या, उद्या तिच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. सावडीतून बाहेर पडलेल्या बाईच्या वाफ्यात रोप उभं राहतं, पिवळं पडतं आणि तिथंच कुजतं. साठीची एकटी बाई अख्खं वावर लावणार कशी? आणि ते जमलंच, तरी ज्या वाडीत ती सून होऊन आली, जिथल्या निम्म्या पोरी तिच्या डोळ्यांसमोर वाढल्या, तिथं तिनं उद्यापासून कुणाच्या बांधावर बसायचं?

परतीच्या वाटेवर श्रीयशच्या आत काहीतरी चढत होतं. आधी त्याला ती लाज वाटली, कारण लाजेची त्याला सवय होती. केंद्राचा जिना चढताना त्याला उमगलं, की हा राग आहे. तो इतका अनोळखी होता की कुठे ठेवावा ते कळेना. त्याने तो तसाच हातात धरून सरांचं दार ढकललं.

"अरे ये, ये!" प्रज्ञेश सर खुशीत होते. "स्पॉन्सर एकदम खूश. आणि तुझा तो ब्रॉडकास्टचा किस्सा मी मीटिंगमध्ये सांगितला. बी फेकणं! लोक वेडे झाले."

"सर, ती जाहिरात काढा."

"काय?"

"जाहिरात काढा. ती हाक पाखरांसाठी आहे. तिचं पुढचं वाक्य कापलंय. ते वाक्य, आत पाय ठेवू नका, असं आहे."

सर हसले. "तीच तर गंमत आहे! एडिटिंग म्हणजे दुसरं काय? अरे, या वाड्यांवर रेडिओ ऐकतं कोण?"

"पिठाच्या गिरणीत ऐकतात. त्या बाईंची सावड मोडली, सर."

"हे बघ, करार झालाय. पावसाळाभर चालणार. आणि तूच म्हणाला होतास ना, हरकत नाही?"

"मी काहीच म्हणालो नव्हतो."

"तेच ते."

खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती चालू होत नव्हती. श्रीयशला ती खरखर फार वेळ ऐकू येत राहिली.

"मग खुलासा लावा," तो म्हणाला. "संध्याकाळच्या बातम्यांनंतर पूर्ण हाक लावा, आणि ती का मारतात ते मी सांगतो. मी स्वतः बोलतो."

"तू?" सरांनी भुवया उंचावल्या. "माइकवर? श्रीयश, शांतपणे विचार कर. हवेत एकदा सोडलं की सोडलं. तुझ्याच भाषेत सांगायचं तर, फेकलेले दाणे काय वेचून आणणार आहेस?"

"नाही," श्रीयश म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "पण ज्याने फेकले तो वावरात उभा राहतो, सर. राब भाजतो, राखण करतो, नाही उगवलं तर लोकांची तोंडं बघतो. तुम्ही शब्द तेवढा उचललात. फेकायचं आणि काचेच्या खोलीत एसी लावून बसायचं, याला पेरणं नाही म्हणत. याला कचरा टाकणं म्हणतात. आणि तुमच्यासाठी तो कचरा मी वर्षभर घासूनपुसून देतोय."

दाराबाहेर दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्याचं त्याला जाणवलं. सरांचा चेहरा आक्रसला. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

"उद्या कशाला," श्रीयश म्हणाला आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं. त्याची फीत चहाच्या बशीत पडली, ती त्याने उचलली नाही. तो जिना उतरला. त्याचं वाक्य पहिल्यांदाच वेळेवर पोचलं होतं. फक्त ते ऐकायला हवं होतं वाडीतल्या बायकांनी.

ते त्याने फिरोजला सांगितलं, तेव्हा फिरोजने विचारलं एवढंच, "एक भोंगा की दोन?"

संध्याकाळी वाडीच्या तोंडाशी, पाराजवळ, टेम्पो उभा राहिला. भोंगा पाहून पोरं जमली. बायका शेतावरून परतत होत्या, ओढ्याच्या वळशाने, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या. फिरोजने माइक त्याच्या हातात दिला आणि पाठीवर थाप मारली. "चेकिंग वगैरे म्हणू नकोस. सरळ बोल."

"मी श्रीयश," तो म्हणाला, आणि स्वतःचा प्रचंड मोठा झालेला आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला तेव्हा त्याला पळून जावंसं वाटलं. "रेडिओत होतो. आता नाही. ती जाहिरात... त्या जाहिरातीतली हाक सरुमावशींनी रिसॉर्टसाठी मारलेली नाही. ती मे महिन्यात त्यांच्या बांधावर मारलेली आहे, शेवटच्या मुठीनंतर. मी तिथे होतो. मी ती रेकॉर्ड केली. 'समदं लाव', असं त्या म्हणाल्या होत्या. मी मान हलवली होती. नंतर केंद्रातल्या लोकांनी ती अर्धी कापून विकली, आणि त्याआधी हरकत नाही ना असं मला विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. मावशींना एक शब्द माहीत नव्हता."

"अन् तुला किती भेटलं?" गर्दीतून आवाज आला. ती पिंकी होती. तिशीची, डोक्यावर गवताचा भारा, डोळ्यांत धार.

"काही नाही."

"मंग येडाच हायेस!"

हशा पिकला. त्याला तो हशा चालला. पण श्रीयश भरकटला, आणि त्याला वाटलं, पूर्ण हाक या सगळ्यांना एकदा ऐकवावी म्हणजे पटेल. त्याने मूळ रेकॉर्डिंग असलेला मोबाइल खिशातून काढला, माइकपाशी धरला. "ही बघा, पूर्ण हाक अशी आहे—"

"बंद कर त्ये!"

सरुबाई पाराच्या मागून आल्या. अनवाणी, पदर खोचलेला. त्यांनी माइक असा खेचला की भोंगा किंचाळला. "दाना कुटं हाय? हाय का दाना तुज्याकडं? मंग पुन्ना हाक मारतोस व्हय? येकदा केलेलं कमी पडलं?"

श्रीयशने मोबाइल खिशात घातला. आपण पुन्हा तेच करणार होतो, तेही मावशींच्याच भल्यासाठी, हे त्याला कळलं. शिकलेल्या माणसाला आवाज हातात आला की तो लावल्यावाचून राहवत नाही.

"चुकलो," तो माइकशिवाय म्हणाला. जवळच्यांना तेवढं ऐकू गेलं.

पिंकीने भारा पारावर टाकला. ती सरुबाईंकडे बघत नव्हती. "मावशी, खरं बोलतंय ह्ये?"

"मी काय साक्षी देऊ?" सरुबाई फणकारल्या. "चाळीस वर्सं तुमच्या वावरात वाकले. तवा तुमाला कळंना माजं तोंड कसलं हाय, अन् आता ह्या पोराच्या भोंग्यानं कळनार?"

हे बायकांना लागलं. काहीजणींनी माना खाली घातल्या. पिंकीने मात्र घातली नाही. तिचा रागही काही खोटा नव्हता. ओढ्यातल्या वळशाने तिच्या सासूचा पाय मोडला होता.

"ठीक हाय," ती म्हणाली. "मावशी सावडीत. पर ह्यो मोडनारा कोन? त्यानं भराय नगं?" तिने श्रीयशकडे हनुवटी उडवली. "लावनीला यायचं. मावशीच्या येकटीच्या न्हाई, समद्यांच्या वावरात. वळीनं. दिसाला दीस. येशील का रेडिओ?"

श्रीयशने मान हलवली. मग त्याला आठवलं, आणि तो मोठ्याने म्हणाला, "येईन."

जुलैत तो रोज पहाटेच्या लोकलने मळवलीला उतरू लागला. घरी आईने दोनदा विचारलं, वडिलांनी विचारणं सोडलं. पाठ मोडून येई, पायांची बोटं चिखलाने कुजली. बायका त्याला 'रेडिओ' म्हणत आणि त्याच्या वाकड्या ओळींवरून मनसोक्त चिडवत. पिंकी त्याने लावलेलं रोप उपटून पुन्हा लावी, न बोलता. सरुबाईही त्याच्याशी बोलत नसत. भाकरीच्या वेळी तेवढी चटणी त्याच्या पुढ्यात सरकत असे. कुणी सरकवली ते त्याने कधी पाहिलं नाही.

त्या दिवशी सरुबाईंचं वावर होतं. पाऊस उघडला होता. तारेच्या कुंपणापलीकडे, रिसॉर्टच्या हिरवळीवर, कुणीतरी स्पीकर लावला, आणि बासरीमागून ती हाक चिखलावरून चालत आली : या रं या, लांबून या, जवळून या.

ओळ थांबली. बायकांनी कमरा सरळ केल्या. सगळ्या सरुबाईंकडे पाहत होत्या. सरुबाई ताठ उभ्या राहिल्या, त्यांच्या हातातल्या रोपांच्या जुडीतून पाणी निथळत होतं, आणि त्यांच्या जबड्याचं हाड हललं. त्या कुंपणाकडे बघत राहिल्या, हाक संपेपर्यंत, मग तो गुळगुळीत आवाज संपेपर्यंत. नंतर चिखलात थुंकल्या आणि वाकल्या. त्यांच्यामागे पिंकी वाकली. मग सगळी ओळ.

श्रीयशला सर्वांत उशिरा वाकता आलं. त्याच्या मुठीत रोपं इतकी घट्ट आवळली गेली होती की त्यांची पाती मोडली होती. ती टाकून त्याने दुसरी जुडी घेतली. मागे, नुकत्याच लावलेल्या पाण्यात, बगळे उतरले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.